नर उंदरांना दिलेलं आवतण

उंदराची मान तोडायची पद्धत मी प्रत्येक विद्यार्थ्याला एकदाच दाखवते. उंदीर जाळीवर ठेवायचा; तो पुढच्या पायांनी जाळी आपोआप घट्ट धरतो. डाव्या हातानं जाडसा पेन कानांच्या मागं, मानेवर आडवा दाबायचा. उजव्या हातानं शेपटीचं बूड धरून एका झटक्यात मागं ओढायचं. हाताला बारीक ‘टक्’ जाणवतं. ते जाणवलं नाही तर काम झालेलं नाही, आणि त्या खोलीत अर्धवट काम मी खपवून घेत नाही. हात कचरला की उंदराचे हाल होतात, म्हणून ज्याला रडायचं असेल त्यानं आधी रडून यावं, असं मी सांगते.

मग गळ्यावरची कातडी कात्रीनं उभी चिरायची. जबड्याखाली दोन्ही बाजूंना फिकट गुलाबी लाळग्रंथी दिसतात. त्या काढून बर्फावर. दहा-बारा नरांच्या ग्रंथी जमल्या की काचेच्या खलात वाटायच्या, यंत्रात फिरवायच्या, वरचं पाणी अलगद घ्यायचं. हा झाला अर्क. एका वेळच्या अर्काला आम्ही घाणा म्हणतो, जसा चकल्यांचा घाणा तसा.

नरच का, असं लोक विचारतात. नर उंदराच्या लाळग्रंथीत एक ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशी वाढवणारं प्रथिन, ठासून भरलेला असतो, मादीच्या ग्रंथीत अगदी थोडा. हा ग्रोथ फॅक्टर चेतापेशीला लागला की पेशी धागे फेकायला लागते. तो परदेशातून तयार बाटलीतही मिळतो. आमची बाटली विमानतळावर सुट्ट्यांमध्ये अडकली आणि डबा उघडला तेव्हा बर्फाचं पाणी झालेलं होतं. तेव्हापासून आम्ही आमचा अर्क आमच्या हातानं काढत होतो.

माझी विद्यार्थिनी वैजापूरकडची. सासर-माहेर दोन्ही शेतकरी, कापूस आणि कांदा. तिशी ओलांडलेली, रुंद हाडाची, मनगटात जोर असलेली बाई. पहिल्याच उंदराची मान तिनं इतकी स्वच्छ तोडली की मी दुसऱ्यांदा बघायला थांबले नाही. चेतापेशी आम्ही कोंबडीच्या अंड्यातल्या वाढत्या पिलांकडून घ्यायचो आणि ती अंडी तीच आणायची, वैजापूरच्या उबवणी केंद्रातून, एसटीत मांडीवर टोपली घेऊन. अंडं फोडायचं, पिलाचं डोकं चिमट्यानं उडवायचं, पोट मोकळं करायचं. मग पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मण्यांसारख्या गाठी दिसतात. त्यातल्या चेतापेशी सुट्या करून काचपट्ट्यांवर पसरायच्या.

सासूबाईंना हे समजावणं तिला जड गेलं. प्रयोगशाळेत चहा पिताना ती त्यांची नक्कल करायची.

“‘अंडी रोज नेती, खात तर नाय. डिग्री करती का आमलेट?’ मी म्हणलं, आत्या, पेशीला धागा वाढवायचा तर चरबी लागती. चरबी भोवतीच असती, लिपोप्रोटीनचे बारीक गोळे असतात, त्यात भरलेली. पण आत घ्यायला पेशीच्या अंगावर रिसेप्टर पाहिजेत. मुळ्यांसारखं. मुळीच नाय तर खत टाकून काय उपेग? ग्रोथ फॅक्टर लागला की ह्या मुळ्या वर येतात का, किती येतात, किती लवकर येतात, ते मी मोजती. तर म्हणल्या, ‘मग सरळ युरिया टाक की, उंदरं कशाला मारती!’”

विषय मलासुद्धा यापेक्षा सोपा करून सांगता येत नाही. एवढंच जोडते, की पेशी काही रिसेप्टर पोटात राखून ठेवते. ग्रोथ फॅक्टरचा इशारा मिळाला की हे राखीव रिसेप्टर लगोलग पृष्ठभागावर येतात. नवे बनवायचं काम मागाहून चालतं. आम्ही रिसेप्टरला चिकटणारा चमकता रंग घालायचो. पृष्ठभागावर रिसेप्टर जास्त, तर मायक्रोस्कोपखाली पेशीची कड हिरवी पेटलेली. कमी, तर अंधार.

तिच्या पीएच.डी.च्या नोंदणीची ती शेवटची मुदतवाढ होती. मार्चअखेर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, आणि इतक्या वर्षांचं सगळं काम कपाटात. हे तिला, मला आणि तिच्या सासरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. घरून परवानगीही तेवढीच होती. पुन्हा पहिल्यापासून नोंदणी करायला तिला कुणी पाठवणार नव्हतं.

पहिले घाणे मी काढून दिले होते. पेशी झकास पेटल्या. तिचा निम्मा प्रबंध त्या घाण्यांवर उभा होता. पावसाळ्यात उंदरांचं सगळं काम मी तिच्याकडे सोपवलं, आणि पोळ्यानंतरच्या पहिल्याच घाण्यात पेशी निम्म्याही पेटल्या नाहीत. दुसरा घाणा त्याहून मंद. धागेही आखूड, खुरटलेले.

मी माझ्या सवयीनं यादी केली आणि एकेक गोष्ट तपासून काट मारत गेले. अंडी बदलली. पेशींचं खाद्य बदललं. लाईट गेल्यावर इनक्युबेटर किती थंड होतो ते बघितलं. फिरवायचं यंत्र दुरुस्तीवाल्याला दाखवलं. शेवटी फक्त तिचे हात उरले. ती काम करताना मी मागं उभी राहून बघितलं, तर हातातही खोट नव्हती.

तिसरा घाणा जानेवारीत, दुपारी, मायक्रोस्कोपखाली गेला. तिनं बघितलं, बाजूला झाली, मला बघू दिलं. अंधार होता. मी काही बोलायच्या आत तिनं काचपट्ट्यांचा ट्रे उचलला आणि बेसिनवर आपटला. मग एकेक पट्टी घेऊन बेसिनच्या कडेवर फोडायला लागली. फोडताना तोंडातून आवाज नव्हता, फक्त नाकातून जोरात श्वास. शेवटच्या दोन पट्ट्या तिनं मुठीत धरून दाबल्या. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं.

“झालं?” मी विचारलं.

“व्हय.”

“आधी हात धू. मग काच मी गोळा करते. तू हात लावू नकोस.”

“मॅडम, मला रागवा तरी.”

“रागवायला वेळ नाही. टाके पडतील, चल.”

टाके पडले. उजवा तळहात, अंगठ्याच्या खाली. दोन आठवडे त्या हातानं काही धरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. वाढलेले नर तयार होते आणि थांबायला सवड नव्हती, म्हणून चौथ्या घाण्याचे उंदीर मी मारायला गेले.

आमचं प्राणिगृह म्हणजे विभागाच्या मागची पत्र्याची लांब खोली. ती एक चाचा सांभाळतात. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, आणि मिनिटाला एक शेरा मारणं. मी दिसताच म्हणाले, “आज खुद बडी मॅडम? बेटे, कलमा पढ लो सब.”

पहिला नर उचलला. जाळीवर ठेवला, पेन दाबला, शेपटी ओढली. शेपटीची कातडी मोज्यासारखी निघून माझ्या हातात आली. खाली लाल, ओली, उघडी शेपटी, आणि उंदीर जिवंत. तो किंचाळला. एवढ्या वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. मी त्याला कमरेला धरून दुसऱ्या झटक्यात संपवलं आणि दिव्याखाली नेऊन बघितलं. शेपटीच्या बुडाशी दातांच्या खुणा होत्या, काही जुन्या, काही कालच्या. पाठीच्या मागच्या भागावर केस उपटलेले, खपल्या धरलेल्या. अंडकोषावर चावा.

दुसरा बघितला. तसाच. तिसऱ्याचा कान अर्धा गेलेला. चौथा स्वच्छ होता, पण त्याच्या मिशांना आणि ओठांना सुकलेलं रक्त होतं.

उंदरांना हाताळणाऱ्या कुणालाही हे कळतं. मागून चावे ज्याच्या अंगावर, तो पळणारा. तोंडाला रक्त, तो मारणारा. पण आमचा प्रत्येक मोठा नर वेगळ्या पिंजऱ्यात असतो. एकटा वाढलेला नर दुसऱ्या नराला सहन करत नाही, म्हणूनच वेगळं ठेवायचं.

“चाचा, यांना एकत्र कुणी ठेवलं?”

“पानी के दिन होती ना दावत. बेटी करती.”

“कसली दावत?”

“पूरन लाती घरसे. मेरेको भी देती, झूठ काय को बोलू.”

पाण्याचा दिवस म्हणजे नळाला पाणी येतं तो दिवस. आपल्या शहरात तो रोज नसतो, त्यामुळं सगळे पिंजरे त्याच दिवशी धुवायचे आणि दुसऱ्या दिवशी, टाकी भरलेली असताना, मारायचं काम काढायचं, असा आमचा शिरस्ता. पिंजरा धुऊन वाळेपर्यंत प्रत्येक नराला भोकं पाडलेल्या वेगळ्या डब्यात ठेवायचं. मी तेच शिकवलं होतं.

मी उरलेले नर तसेच ठेवले आणि तिला बोलावलं. हात गळ्यात बांधलेला, तशीच आली. मी तिला सोललेली शेपटी दाखवली.

“हे काय आहे?”

ती वाकून बघत म्हणाली, “भांडतात थोडं. बैलं पण भांडतात. मग गप होतात.”

“कधीपासून ठेवतेस एकत्र?”

“पोळ्यापासून. काल डाव्या हातानं सोडले.”

आणि मग तिनं सांगितलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि कानात म्हणतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ पोळ्याला बैलावर कुणी हात उगारत नाही. त्या वर्षी पोळ्याच्याच दिवशी पाणी आलं होतं आणि दुसऱ्या दिवशी उंदीर मारायचे होते. घरी बैलांना आवतण आणि इथं यांची मान, हे तिच्या मनाला लागलं. तिनं गुलमंडीच्या बाजारातून एक मोठं पत्र्याचं टोपलं आणलं, त्यात सगळे नर सोडले, उद्याचे आणि पुढच्या घाण्याचेही, आणि मधोमध पुरणाचा गोळा ठेवला. बैल वेशीत एकत्र उभे करतात, तसे. जन्मभर एकेकटे कोंडलेले, एक दिवस तरी भावकीत जेवतील, असं तिला वाटलं. पोळ्याला केलं, मग दर वेळी करायला लागली. मारायच्या आदल्या दिवशी आवतण.

“अन् ते भांडायला लागल्यावर?”

“पट्टीनं हाणायची. लांब व्हायचे. पुन्हा भिडायचे. पुरणाला तोंड नाय लावलं कुणी कधी. चाचाच खायचे.”

मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट जुळत होती. नर उंदीर झुंजला की त्याची लाळग्रंथी रिकामी होते. तिच्यात साठवलेला ग्रोथ फॅक्टर रक्तात सुटतो. हे आमच्या क्षेत्रात माहीत असलेलं आहे. मीही वाचलेलं होतं आणि कधी कामाला लागलं नव्हतं. म्हणजे ती आदल्या संध्याकाळी त्यांना झुंजवत होती, माल रक्तात जात होता, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही रिकाम्या पिशव्या वाटून अर्क म्हणून पेशींवर ओतत होतो. आणि रक्त बेसिनमध्ये सोडून देत होतो.

मी तिला तसंच सांगितलं. ती खाली स्टुलावर बसली.

प्रश्न सुटला होता, पण प्रबंध सुटला नव्हता. विभागप्रमुखांनी सोपा मार्ग सुचवला: फसलेले घाणे वगळा, न झुंजलेल्या नरांचा एक चांगला घाणा काढा, आकडे पूर्ण करा. तिलाही तेच हवं होतं.

“वगळू ना मॅडम. सरच म्हणतायत. कोण बघतंय?”

“मी बघतेय. तीन घाणे फसले आणि आम्ही ते सोडून दिले, असं लिहिणार का? का फसले ते दाखवायचं. निम्मे नर झुंजवायचे, निम्मे एकटे ठेवायचे. एकाच दिवशी मारायचे. दोघांच्या ग्रंथी, दोघांचं रक्त. मग कुणी बोट ठेवू शकणार नाही.”

“झुंजवायचे म्हणजे?”

“म्हणजे समोरासमोर सोडायचे.”

“मी नाय झुंजवणार. मान मोडती मी, ती एका झटक्यात. हे नाय.”

“तू पोळ्यापासून झुंजवतेच आहेस,” मी म्हणाले. “फक्त बघत नव्हतीस.”

तिचा चेहरा असा झाला, जणू मी तिच्या तोंडात मारली होती. ती उठून गेली. दोन दिवस आली नाही. मी तेवढ्यात प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीपुढं अर्ज ठेवला. झालेला प्रकार त्यात सगळा लिहिला, आवतणासकट. समितीत एक पशुवैद्य होते. त्यांनी बरंच सुनावलं, आणि मग अट घातली: जोड्या मोजक्या, आणि रक्त दिसलं की त्याच क्षणी मधे फळी. फळी कुणी घालायची तेही त्यांनी विचारलं. मी तिचं नाव सांगितलं, कारण प्रबंध तिचा होता.

तिसऱ्या दिवशी ती अंड्यांची टोपली घेऊन आली. “उबवणीवाल्याला सांगून ठेवलंवतं,” एवढंच म्हणाली.

झुंजीचा दिवस पाण्याचा नव्हता, मुद्दाम. सकाळीच उरकायचं ठरलं. काचेची पेटी, मधे सरकवायची फळी, बाजूला बर्फ, नळ्या, कात्र्या. चाचांना मी बाहेर बसवलं. त्यांची बडबड नको होती.

पहिली जोडी. फळी काढली. दोघं एकमेकांना हुंगले. मग एकानं शेपटी काचेवर आपटायला सुरुवात केली, टरटरटर, आणि दुसरा गोठला. आपटणारा बाजूनं चाल करून गेला, केस फुललेले, अंग तिरकं. आणि मग दोघांचा एक पांढरा गोळा झाला. तो गोळा भुसा उडवत पेटीभर फिरला. किंचाळी इतकी बारीक की कानापेक्षा दातांना जास्त लागते. सुटले तेव्हा एक पळत होता आणि दुसरा त्याच्या पाठीला दात लावून फरफटत होता. पळणाऱ्याला पळायला जागा नव्हती. तो कोपऱ्यात मागच्या दोन पायांवर उभा राहिला, पोट उघडं, पुढचे पाय छातीशी. हरलो, असं सांगायची ती उंदरांची पद्धत. मारणाऱ्यानं त्याला खाली पाडून पोटावर चावा घेतला. पांढऱ्यावर लाल ठिपका आला.

“फळी,” मी म्हणाले, पण तिनं आधीच टाकली होती.

दुसरी जोडी तशीच. तिसरी लवकर संपली. चौथ्या जोडीत मारणाऱ्यानं सरळ मानेला धरलं. तिनं फळी दाबली, पण खाचेत भुसा अडकला होता, फळी अर्ध्यातच थांबली. खालच्याचे पाय हवेत झटकत होते. रक्त आलं होतं. अट मोडत होती. मी काठी घ्यायला वळले तोवर तिनं पेटीत हात घातला. तोच हात, टाके नुकतेच काढलेला. मारणाऱ्यानं मान सोडली आणि तिच्या अंगठ्याच्या बेचक्यात दात रुतवले.

असं झालं की माणूस हात झटकतो आणि उंदीर भिंतीवर जाऊन आपटतो. तिनं झटकला नाही. हात बाहेर काढला. उंदीर दातांवर लोंबत होता. दुसऱ्या हातानं तिनं त्याला टेबलाच्या कडेवर टेकवलं, चावलेल्या हाताच्या बोटांत पेन धरून मानेवर दाबला, आणि शेपटी ओढली. टक्. मेल्यावरही दात निघाले नाहीत. जबडा मी चिमट्यानं उघडला.

पेटीतला दुसरा मानेच्या रक्तात पाय घासत होता. तिनं त्यालाही संपवलं.

“ही जोडी मोजायची नाही,” मी म्हणाले. “अट मोडली, वेळ चुकली.”

“मग ह्यांना उगंच मारलं?”

“हो.”

तिनं ते दोघं उचलून वेगळ्या ताटलीत ठेवले, कापूस टाकून झाकले आणि उरलेल्यांच्या मागं लागली. झुंजलेले, एकटे, एकेक. टक्, टक्. कातडी चिरायची, ग्रंथी बर्फावर, रक्त नळीत. तिचं स्वतःचं रक्त हातमोज्यात साचून बोटं फुगल्यासारखी दिसत होती. मी मोजा कापायला सांगितला तर म्हणाली, “हे झाल्यावर.” नळ्यांवर ती डाव्या हातानं नावं घालत होती. एकटा. मारणारा. मार खाणारा. समितीनं एवढे प्रकार मागितले नव्हते. मी अडवलं नाही.

सगळं आटोपल्यावर डॉक्टरकडं गेलो. तेच डॉक्टर. म्हणाले, “तुम्ही नक्की उंदरांवर काम करता ना? का उंदीर तुमच्यावर?” ती हसली. त्या दिवसात पहिल्यांदा.

निकाल यायला आठवडा लागला. एकट्या नरांच्या ग्रंथींचा अर्क: पेशींनी लांब, दाट धागे फेकले, कडा हिरव्या पेटल्या. झुंजलेल्यांच्या ग्रंथींचा अर्क: मंद, आमच्या फसलेल्या घाण्यांसारखाच. आता रक्त. एकट्या नरांचं रक्तजल, म्हणजे रक्तावरचं निवळ पाणी, घातलं तर फारसं काही नाही. झुंजलेल्यांचं घातलं आणि रिसेप्टर पृष्ठभागावर उसळून आले. तो ग्रोथ फॅक्टरच आहे याची खात्री करायला आम्ही त्याला बांधून ठेवणारं प्रतिपिंड मिसळलं, आणि उजेड गेला. फसलेले तीन घाणे आता प्रबंधातला सगळ्यात पक्का पुरावा झाले.

ती अजून मायक्रोस्कोपला डोळा लावून होती. बराच वेळ.

“मॅडम, दोन्ही बघा. आधी मारणारा. मग मार खाणारा.”

मी बघितलं. दोन्ही पेटलेल्या होत्या. मार खाणाऱ्याच्या रक्तातली पेशी जास्त. कड तर कड, धाग्याच्या टोकापर्यंत हिरवी.

“हे कसं?” ती म्हणाली. “ज्यानं मार खाल्ला त्याच्या रक्तात वाढीचा माल जास्त?”

“जोड्या तीन. तिनावरून काही म्हणता येत नाही. लिही: फरक दिसला, संख्या अपुरी.”

“पण दिसतोय ना?”

“दिसतोय. तेवढंच लिही.”

तिनं तेवढंच लिहिलं. प्रबंध मुदतीत गेला.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते, वयानं मोठे, अभ्यासानं दांडगे. त्यांनी आवतणाचा भाग दोनदा वाचून घेतला आणि प्रांजळपणाबद्दल तिची पाठ थोपटली. मग ते बरोबर त्या वाक्यावर आले.

“हे तुमच्या कामातलं सोनं आहे,” ते म्हणाले. “हरलेल्याच्या रक्तानं चेतापेशीचे रिसेप्टर जास्त वर येतात. जोड्या वाढवा. रोज झुंजवा, महिनाभर. तोच नर रोज हरला तर काय होतं, मेंदूतल्या पेशींचं काय होतं, ते बघा. परवानगी मी मिळवून देतो, माझ्याकडं या. मोठं काम होईल.”

खोलीत सगळे तिच्याकडं बघत होते. मीही. असं बोलावणं माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला आलेलं नव्हतं.

“काम होईल सर,” ती म्हणाली. “मी नाय करणार.”

“का? हात चालतो तुमचा. तुमच्या मॅडमनीच लिहिलंय.”

“चालतो. म्हणूनच नाय.”

“हे उत्तर नाही झालं, बाई. प्रश्न तुम्ही उभा केलात. शास्त्रज्ञानं आपला प्रश्न अर्ध्यावर टाकायचा?”

परीक्षकाला खूश करायची तिला गरज होती. पदवीवर सही त्यांची होती, आणि याची तिला कुणी आठवण करून द्यायला नको होती.

“सर, एकदा हरला की तो उभा राहून पोट दाखवतो,” ती म्हणाली. “फळी टाकायला मी तिथं होते. तुम्ही म्हणता तसं करायचं तर फळी टाकायचीच नाय, रोज. ते बघायचं काम मला जमलं असतं. म्हणून मी ते घेत नाय. प्रश्न प्रबंधात लिहिलाय. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावा.”

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, माझ्याकडं बघितलं. मी समोरचा प्रबंध मिटला. बोलायचं तर मला तिला पटवायचंच होतं. इतकं चांगलं काम दुसऱ्याच्या हाती जाणार, हे मला खुपत होतं, आजही खुपतं.

आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. कॉरिडॉरमध्ये ती भिंतीला टेकून उभी होती. तिचे यजमान खाली रिक्षाजवळ उभे होते, पेढ्यांचा बॉक्स आधीच आणलेला, आणि तो लपवायचा कुठं हे त्यांना कळत नव्हतं.

“सही करतील का?” तिनं विचारलं.

“काम खरं आहे. करावीच लागेल.”

“अन् नाय केली तर?”

“तर मी आत जाऊन भांडेन.”

दार उघडलं. परीक्षक स्वतःच बाहेर आले आणि तिचं अभिनंदन केलं, जरा कोरडंच. सही झाली होती. जाताना मला म्हणाले, “दुसरा कुणी विद्यार्थी असेल तर पाठवा.”

ती आता वैजापूरला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मी दुसरा कुणी पाठवला नाही. विचारलंच नाही कुणाला.